बरणीतलं व्हिनेग्रेट

फ्रान्समध्ये घरोघरी सॅलडवर घालतात ते व्हिनेग्रेट म्हणजे तेल, व्हिनेगर, मीठ आणि जराशी मोहरी. नेहमीचं प्रमाण 3 भाग तेलाला 1 भाग व्हिनेगर. चौघांच्या सॅलडला 3 मोठे चमचे ऑलिव्ह तेल पुरतं.

आधी व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून घ्या. तेलात ते विरघळत नाही, खाताना दाताखाली कचकचतं. मग अर्धा छोटा चमचा दिजाँ मोहरीची पेस्ट आणि तेल सगळ्यात शेवटी. बरणीचं झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. मिश्रण पिवळसर, दुधाळ आणि दाटसर दिसलं की झालं. एरवी तेल आणि व्हिनेगर लगेच वेगळे होतात. मोहरीतला चिकट अंश त्यांना काही वेळ एकत्र धरून ठेवतो. व्हिनेगरऐवजी लिंबूही चालतं, मला तर तेच जास्त आवडतं.

सॅलडची पानं मात्र धुऊन अगदी कोरडी करा. ओल्या पानांवर तेल ठरत नाही, सगळं ड्रेसिंग भांड्याच्या बुडाशी जातं. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतो, तसंच हेही वाढताना घाला. ड्रेसिंग लागलेली पानं लवकर मलूल होतात.