चारशे चौऱ्याण्णव की दीड हजार?

नोव्हेंबर उजाडला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन स्क्रीनशॉट शेजारीशेजारी येऊन पडतात. एकावर सरकारी हवा निर्देशांक, दुसऱ्यावर खासगी अ‍ॅपचा. खाली मजकूर ठरलेला: ‘बघा, सरकार कसं लपवतंय!’ अर्ध्या तासात उत्तरही ठरलेलं: ‘या अ‍ॅपवाल्यांना एअर प्युरिफायर विकायचेत.’ मग संध्याकाळपर्यंत जुंपते. पुण्याहून कुणाची तरी आत्या फोन करून विचारते, खरा आकडा कोणता रे? दरवर्षी हेच चालतं आणि दरवर्षी दोन्ही बाजूंना समजावून घसा बसतो. तोही प्रदूषणाच्या दिवसांत, जेव्हा तो आधीच बसलेला असतो.

१८ नोव्हेंबर २०२४ चं उदाहरण घेऊ. त्या दिवशी दुपारी चारच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पत्रकात दिल्लीचा निर्देशांक ४९४ होता. त्याच सुमारास अ‍ॅपवर हजार, दीड हजार असे आकडे झळकत होते. यातलं खोटं कोण? कोणीच नाही.

मुळात निर्देशांक, म्हणजे ज्याला सगळे एक्यूआय म्हणतात तो, हवेत मोजता येत नाही. मोजलं जातं ते एक घनमीटर हवेत अमुक प्रदूषकाचं किती वजन आहे ते. सूक्ष्म कणांच्या म्हणजे पीएम २.५ च्या बाबतीत ते मायक्रोग्रॅममध्ये येतं. हे वजन एका कोष्टकात घालून शून्य ते पाचशे अशा पट्टीवर बसवलं की निर्देशांक तयार होतो. कोष्टक प्रत्येक देशाचं वेगळं. भारताचं एप्रिल २०१५ पासून लागू आहे. अमेरिकेने आपलं मे २०२४ मध्ये बदललं, आणि बहुतेक खासगी अ‍ॅप अमेरिकेचं वापरतात.

आता आकडेमोड करून बघा. पीएम २.५ चं प्रमाण ६० असेल तर भारतीय कोष्टकात निर्देशांक येतो १००, शेरा ‘समाधानकारक’. अमेरिकी कोष्टकात त्याच हवेचा निर्देशांक १५४ आणि शेरा ‘आरोग्याला अपायकारक’. इथवर ‘सरकार लपवतंय’ गट खूश. पण प्रमाण २५० झालं की भारतीय निर्देशांक ४०० होतो आणि अमेरिकी ३५०. म्हणजे इथे आपलंच कोष्टक जास्त भयंकर आकडा दाखवतं! हा स्क्रीनशॉट मात्र कुणी टाकत नाही.

खरी फारकत होते ती पुढे. पीएम २.५ चं प्रमाण ३८० झालं की भारतीय निर्देशांक ५०० ला टेकतो आणि तिथेच थांबतो. हवा ६०० मायक्रोग्रॅमची झाली तरी ५००, ८०० ची झाली तरी ५००. अमेरिकी हिशेबात ५०० च्या पुढेही त्याच प्रमाणात आकडा चढवत नेतात, त्यामुळे ६०० मायक्रोग्रॅमला तो हजारापलीकडे जातो. आपलं कोष्टक आखताना विचार असा होता की ‘गंभीर’ पायरी गाठली म्हणजे आरोग्याची व्हायची ती हानी होणारच, त्यावर आकडा फुगवून घबराट कशाला? तेव्हा तो पटण्यासारखा असेलही. पण १०५ वर अडकणारा थर्मामीटर तापाच्या रोग्याच्या काय कामाचा? आणि ४९४ नीट वाचा. शहराचा आकडा म्हणजे सगळ्या केंद्रांची सरासरी, आणि एकाही केंद्राला ५०० च्या वर जायची मुभा नाही. सरासरी ४९४ येते याचा अर्थ बहुतेक केंद्रं छताला डोकं टेकून उभी होती. त्यांना आणखी किती वर जायचं होतं, ते हा आकडा सांगूच शकत नाही. टीका करायची तर इथे करा, त्यात दम आहे.

दुसरा फरक वेळेचा. सरकारी पत्रकातला आकडा मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, अ‍ॅपवरचा साधारण तासाभराचा. पहाटे दिल्लीतल्या आनंद विहार केंद्रावर हवा काळीठिक्कर असेल तर अ‍ॅपवर ती लगेच दिसते. पत्रकात ती दुपारच्या बऱ्या हवेत मिसळून जाते. एका केंद्राचा तास आणि अख्ख्या शहराचा दिवस यांची तुलना करून भांडणाऱ्यांना काय म्हणायचं?

तिसरा फरक यंत्राचा. सरकारी केंद्राच्या छपरावर एक नळी असते. ती हवा ओढते, अडीच मायक्रॉनपेक्षा मोठे कण वाटेतच वगळते आणि उरलेले गाळणीच्या एका फितीवर जमा करते. फितीतून बीटा किरण सोडतात. जमलेली धूळ जितकी जास्त, तितके किरण आरपार कमी जातात, त्यावरून वजन निघतं. तासाला फीत पुढे सरकते, नवा ठिपका सुरू होतो. हे यंत्र लाखांत जातं, त्याला वातानुकूलित खोली लागते, वेळोवेळी जुळवून घ्यावं लागतं. बाल्कनीत टांगायच्या स्वस्त सेन्सरमध्ये छोटा पंखा आणि लेसर असतो. कणांवर आदळून प्रकाश किती विखुरतो यावरून तो वजनाचा अंदाज बांधतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात कण ओलावा पिऊन फुगतात, आणि सेन्सर ते पाणीही धूळ म्हणून धरतो. अनेक अ‍ॅप दोन्ही प्रकारची मोजणी एकाच नकाशावर मांडतात, म्हणून ठिपक्यावर बोट ठेवून केंद्र कुणाचं आहे ते आधी बघावं.

आणखी एक खोच आहे. भारतीय निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, पण त्यांची बेरीज होत नाही. ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत जास्त, तोच त्या केंद्राचा निर्देशांक. त्यामुळे मे महिन्यात राजस्थानकडून धुळीचं वादळ येतं तेव्हाचे ३०० आणि नोव्हेंबरातले ३०० सारखे नसतात. पहिल्यात जाड धूळ असते, दुसऱ्यात थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरणारे धुराचे कण. मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर मुख्य प्रदूषक कोणतं ते लिहिलेलं असतं. आत्याला माझं सांगणं एवढंच: निर्देशांक सोड, पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५, भारताची ६०. मायक्रोग्रॅमला कुठल्याही देशाचं कोष्टक लागत नाही.

या विषयात मराठी माणसाला घरचं काही हवं असेल तर तेही आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत हवेचा अंदाज देणारी ‘सफर’ यंत्रणा उभारली ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने. ती पुण्यात आणि मुंबईत आली दिल्लीनंतर.

दुसरा गैरसमज थेट संसदेतून आलेला, म्हणून जास्त झोंबतो. आजाराचा आणि प्रदूषणाचा संबंध दाखवणारा भारतीय पुरावाच नाही म्हणे. डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर लोकसभेत म्हणाले होते की, प्रदूषणाने आयुष्य घटतं असं एकाही भारतीय अभ्यासात दिसलेलं नाही. आता हे पाहा. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतल्या ३६ शाळांमधली अकरा हजारांहून जास्त मुलं तपासली. ४३.५ टक्के मुलांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा कमी क्षमतेने चालत होती. तुलनेसाठी घेतलेल्या, दिल्लीबाहेरच्या मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होतं. हा अहवाल लोकसभेतल्या त्या उत्तराच्या कितीतरी आधी छापला कुणी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने, म्हणजे त्याच मंत्रालयाच्या मंडळाने. आणि आयुष्याबद्दलच बोलायचं तर लोकसभेतल्या त्या उत्तरानंतर वर्षभरात, डिसेंबर २०२० मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) सहभाग असलेला अभ्यास ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आला. त्यात २०१९ या एका वर्षात भारतात वायुप्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज होता. मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्रदूषण’ असं कारण लिहीत नाहीत, ही खरी गोष्ट. विडीकाडीही लिहीत नाहीत.

‘आम्हाला सवय झालीय’ हे जुने दिल्लीकर अभिमानाने सांगतात. सवय होते ती नाकाला आणि डोळ्यांना. रक्तवाहिन्यांना नाही.

‘पहाटेची हवा शुद्ध’ हा आपल्या मराठी घरांतला लाडका समज. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा रात्रभर थंड होत जाते, तिच्यावर उबदार थर बसतो आणि सगळा धूर खाली कोंडतो. ऊन चढून दुपारी हवा वरखाली होऊ लागते तेव्हा तो पसरतो. त्यामुळे डिसेंबरात पाच वाजता मफलर गुंडाळून लोधी बागेत झपाझप चालणारे आजोबा दिवसातली जवळपास सर्वांत वाईट हवा, तीही धापा टाकत, आत घेत असतात. त्यांना घरचे ‘फिरायला जात जा’ म्हणून ढकलतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सगळा दोष पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्यांचा? पराळी, म्हणजे भातकापणीनंतर शेतात उरलेले खुंट, जळते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काही आठवडे, आणि त्यातल्या काही दिवशी तिचा वाटा खरोखर मोठा असतो. पण टेरी आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थांच्या २०१८ च्या अभ्यासात अख्ख्या हिवाळ्याचा हिशेब केला तेव्हा दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये शेतातल्या जाळण्याचा वाटा ४ टक्के निघाला. वाहनांचा २८, उद्योगांचा ३०.

उपायांबद्दलचे समजही असेच. रुमाल किंवा कापडी मास्क सूक्ष्म कणांपुढे जवळपास निरुपयोगी. एन-९५ चालतो, तोही कडा चेहऱ्याला घट्ट बसल्या तर. घरात मनीप्लांट लावून हवा शुद्ध होत नाही. नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध प्रयोग बंद पेटीतल्या वायूंवर होता, कणांवर नाही. गुळाने फुप्फुसं साफ होतात या समजुतीमागे लखनऊमधला उंदरांवरचा एक जुना प्रयोग आहे; तेवढ्यावरून माणसांना काही सांगता येत नाही. कृत्रिम पाऊस? ढगांत ओलावा नसेल तर पडत नाही, २८ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीने ते करून पाहिलं.

‘दिल्लीचं दिल्लीला, आमच्याकडे बरं आहे’ असं पुण्या-मुंबईहून ऐकू येतं. जुलै २०२४ मध्ये दहा भारतीय शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ही दोन्ही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेवरच्या पीएम २.५ मुळे होणारे मृत्यू दिल्लीत एकूण मृत्यूंच्या ११.५ टक्के निघाले, मुंबई आणि पुण्यात साडेपाच ते सहा टक्के. आणि प्रदूषण कमी असताना प्रत्येक वाढीव मायक्रोग्रॅममागे धोका जास्त वेगाने चढतो, असंही त्यात आढळलं.