पंच कोण?

  डेड पूलचे, म्हणजे वर्षभरात कोण वारेल याची नावं आधीच यादीत मांडण्याच्या खेळाचे, नियम वाचून एका वाचकाने विचारलेला प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याला दोन ओळींत उत्तर देऊन पुढे जाणं बरं नव्हे. प्रश्न असा : जर्मनीत पोराटोरांना ठाऊक असलेला माणूस वारला आणि ब्रिटनमधल्या एकाही मोठ्या वर्तमानपत्राने त्याच्यावर लिहिलं नाही, तर त्याचं नाव यादीत घालणाऱ्याला गुण मिळतात का? ‘डर्बी डेड पूल’च्या नियमांनुसार मिळत नाहीत. माणूस गेला एवढ्याने भागत नाही. मान्यताप्राप्त ब्रिटिश माध्यमांपैकी कुणीतरी त्याचा मृत्युलेख द्यावा लागतो. १९८७ पासून दरवर्षी ५० नावं काढणाऱ्या ‘डेथलिस्ट’चा दंडकही याच जातीचा आहे : ज्याच्या निधनाची बातमी ब्रिटिश माध्यमं देतील, असाच माणूस यादीत बसतो. हे खेळ मरणावर पैज लावतात असं खेळणारे मानतात आणि नाकं मुरडणारेही तेच मानतात. मला मात्र वाटतं की पैजेतला खरा अवघड भाग मरणाचा नसतोच. एखादा समाज कुणाला लक्षात ठेवतो आणि त्याचे संपादक कुणासाठी जागा सोडतात, हे ओळखण्याची ती पैज असते.

मरणाचा भाग किती सोपा आहे ते आधी पाहू. जर्मनीच्या मृत्युदराच्या कोष्टकांत नव्वदीच्या पुरुषाला वर्षभरात मरण येण्याची शक्यता साधारण सहात एक असते. जन्मतारखा हाताशी असल्या की एवढा अंदाज कुणीही बांधू शकतो. २०१५ हे वर्ष घ्या. जानेवारीत माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड फॉन वाइत्सेकर ९४ व्या वर्षी गेले, एप्रिलमध्ये ग्युंटर ग्रास ८७ व्या, ऑगस्टमध्ये एगॉन बार ९३ व्या. नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत आधी ग्युंटर शाबोव्स्की ८६ व्या आणि मग हेल्मुट श्मिट ९६ व्या वर्षी गेले. ही पाच नावं कुणी जानेवारीत कागदावर मांडून ठेवली असती, तर त्याला द्रष्टा म्हणण्याचं कारण नव्हतं. पाचही जण जगाच्या राजकारणात किंवा साहित्यात इतके ठळक होते की त्यांचे मृत्युलेख येणार याविषयीही शंका नव्हती. खेळाचा कस लागतो तो याच्या पुढच्या, सहाव्या-सातव्या नावाशी, जिथे वय पुरेसं आहे पण कीर्तीची खात्री नाही.

कीर्तीचा हा निवाडा मरणाच्या दिवशी होतो असंही नाही. बहुतेक वेळा तो फार आधी होऊन गेलेला असतो. ३० डिसेंबर २०१२ रोजी थोरले जॉर्ज बुश रुग्णालयात असताना ‘डेर श्पीगल’च्या संकेतस्थळावर त्यांचा मृत्युलेख चुकून झळकला आणि लगेच काढून टाकावा लागला. बुश त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं जगले. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये एलिझाबेथ टेलरवरचा जो लेख छापला, त्याचा लेखक मेल गसो २००५ मध्येच वारला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल’कडून तर सुमारे शंभर हयात माणसांचे मृत्युलेख एकाच वेळी बाहेर पडले, पेले, इंग्लंडची राणी, क्लिंट ईस्टवूड, सगळे त्यात होते. या घटना हसण्यावारी नेल्या जातात. मला त्या पुरावा म्हणून फार मोलाच्या वाटतात. लेख तयार आहे, लेखक जगात नाही आणि ज्याच्यावर लेख आहे तो जिवंत आहे : म्हणजे कोण मोठा हे ठरवण्यासाठी मरणाची गरज नव्हती. मरण फक्त प्रकाशनाची तारीख देतं. खेळाडू ज्याचा अंदाज बांधत असतो, तो निर्णय संपादकाच्या खणात आधीच पडून असतो.

आता जर्मन माणसांकडे वळू, कारण मरण आणि कीर्ती यांतला हा भेद त्यांच्या बाबतीत जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो. हिटलरच्या तळघरात टेलिफोन सांभाळणारा रोखुस मिश २०१३ मध्ये ९६ व्या वर्षी बर्लिनमध्ये वारला. गोबेल्सच्या कार्यालयात लघुलेखिका असलेली ब्रुनहिल्डे पॉमझेल २०१७ मध्ये वारली, तेव्हा ती १०६ वर्षांची होती. दोघांनाही ब्रिटिश वर्तमानपत्रांनी सविस्तर जागा दिली. दोघांचंही स्वतःचं म्हणावं असं कर्तृत्व नव्हतं. होती ती इतिहासाच्या एका भयंकर खोलीत हजेरी. उलट ज्यांच्या विनोदावर पश्चिम जर्मनीच्या दोन पिढ्या वाढल्या, ते लोरिओ २०११ च्या ऑगस्टमध्ये गेले. जर्मनीतल्या वर्तमानपत्रांनी त्यांना पहिल्या पानावर निरोप दिला, पण ब्रिटिश वाचकासाठी लिहायचं तर लोरिओ म्हणजे कोण, इथपासून सुरुवात करावी लागते. बर्ट ट्राउटमान हे याहून बोलकं उदाहरण. ब्रेमेनचा हा सैनिक युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आला, तिथेच राहिला, मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक झाला आणि १९५६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला. पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून मात्र तो एकदाही खेळला नाही. २०१३ मध्ये तो गेला तेव्हा इंग्लंड आपल्या घरचा माणूस गेल्यासारखं हळहळलं. उलट्या दिशेचा दाखला हवा असेल तर फ्रेडी फ्रिंटन घ्या. या इंग्लिश नटाचा १९६३ मध्ये हॅम्बर्गला चित्रित झालेला विनोदी प्रवेश ‘डिनर फॉर वन’ दर ३१ डिसेंबरला जर्मन कुटुंबं एकत्र बसून पाहतात. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर तो सगळीकडे दिसायला २०१८ साल उजाडावं लागलं. माणूस एकच आणि मरणही एकच, तरी कीर्ती देशागणिक वेगळी. म्हणून पंच कोणत्या देशाचा, यावर खेळाचा निकाल ठरतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. पैज कीर्तीवर असो की श्वासावर, कुणाच्या तरी मरणाची वाट पाहणं क्रूरच आहे आणि बाकीचा काथ्याकूट त्यावर पांघरूण घालतो. आक्षेप हलका नाही, आणि त्याला उत्तर देणारी घटना योगायोगाने जर्मनांचीच आहे. १७६४ मध्ये काही शे जर्मन स्थलांतरितांना अमेरिकेतल्या जमिनींचं आमिष दाखवून लंडनला आणलं आणि शहराच्या पूर्वेला उघड्यावर, अन्नपाण्याविना सोडून दिलं. आठवड्याभरात यांतले किती मरतील, यावर लंडनमध्ये पैजा लागल्याचं विम्याच्या इतिहासकारांनी नोंदवलं आहे. खरोखर मरणावरची पैज म्हणतात ती ही. तिथे नावं लागली नाहीत, मृत्युलेख लागला नाही. पंच म्हणून प्रेतांची मोजदाद पुरली. शिवाय त्या माणसांचं जगणं-मरणं भोवतालच्या लोकांच्या हातात होतं, आणि पैज लावणाऱ्याला त्यांना भाकरी न देण्यात फायदा होता. त्यांच्या पाद्र्याचं पत्र वर्तमानपत्रांत आलं, मदत गोळा झाली आणि त्यांना साउथ कॅरोलायनाला पाठवण्यात आलं. दहा वर्षांनी, १७७४ मध्ये, ब्रिटनमध्ये विम्याचा कायदा आला. त्याने परक्याच्या जिवावर हितसंबंधाशिवाय विमा उतरवणं बंद केलं. जर्मनीचा आजचा विमा-करार कायदाही, रक्कम नेहमीच्या अंत्यसंस्काराच्या खर्चाहून मोठी असेल तर ज्याच्या मरणावर पैसे मिळणार त्याची लेखी संमती मागतो. क्रौर्य ओळखायची खूण मला इथे सापडते : पैज लावणाऱ्याला मरण घडवण्यात किंवा टाळण्यात हात घालता येतो का, आणि त्यातून त्याला पैसा मिळतो का. श्मिट यांचं नाव यादीत लिहिणारा या दोन्हींपासून लांब होता. त्याच्या वागण्याला असभ्य म्हणता येईल, आणि आजारी तरुणांची नावं शोधत फिरणाऱ्याला मी तसं म्हणतोही. पण त्याला १७६४ च्या पैजबहाद्दरांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : मग जर्मन माणसांसाठी जर्मन वर्तमानपत्रांनाच पंच करावं. मलाही हे आधी रास्त वाटलं. अडचण अशी की ब्रिटिश वर्तमानपत्रांत मृत्युलेखांचं स्वतंत्र पान असतं. १९८६ मध्ये ह्यू मॅसिंगबर्ड ‘डेली टेलिग्राफ’च्या या पानावर आले, तेव्हापासून तिथे माणसाचं आयुष्य त्याच्या विक्षिप्तपणासकट गोष्टीसारखं सांगितलं जातं. जर्मनीत साधारणपणे राजकारण्यावरचा लेख राजकारणाच्या पानावर आणि लेखक-नटावरचा संस्कृतीच्या पुरवणीत येतो; त्याखाली समीक्षकाचं नाव असतं, आणि चरित्र वाचकाला माहीत आहे असं धरून कामाचं मूल्यमापन होतं. त्यातला एखादा परिच्छेद मृत्युलेख मानायचा की समीक्षा, यावर खेळाडू आणि पंच भांडत बसतील. त्यात बर्लिनचं ‘टागेसश्पीगल’ मृत्युलेख देतं ते चक्क सामान्य बर्लिनकरांचे : नातेवाइकांशी बोलून, मरणानंतर काही आठवड्यांनी लिहिलेले. जर्मन वर्तमानपत्रांतलं हे मला सगळ्यात आवडणारं लेखन आहे आणि हेच या खेळाला पेलत नाही, कारण तिथे लेख आला की मगच माणूस माहीत होतो. जानेवारीत यादी करायला बसलेल्याच्या कानांवर त्याचं नाव गेलेलंच नसतं.