जुन्या नंबराचा नवा चष्मा

चष्मा फुटला की दुकान गाठायचे, जुनी चिठ्ठी पुढे करायची आणि फ्रेम निवडण्यात तासभर घालवायचा, हा आपल्याकडील शिरस्ता. चिठ्ठी हरवली असल्यास दुकानदार जुन्या काचेवरूनच नंबर काढून देतो. त्याचे यंत्र चोख असते. पण ते काचेचा नंबर सांगते, डोळ्याचा नव्हे.

चाळिशीनंतर जवळचा नंबर साठीपर्यंत वाढत जातो. मोतीबिंदूने किंवा रक्तातील साखर वरखाली झाल्यानेही तो बदलतो. हे निदान अंधुक दिसू लागल्याने ध्यानी तरी येते. आम्हांस खरी धास्ती आहे ती काचबिंदूची. तो बहुधा दुखत नाही, आधी कडेची दृष्टी खातो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा दाब व आतील नस तपासतो, तेव्हाच तो सापडतो. जुन्या चिठ्ठीवर भागवणारा ही तपासणीही टाळत असतो.

फ्रेमवर हजारो रुपये उधळणाऱ्यास तपासणी जड वाटावी, याचे नवल वाटते. बांबोळीच्या गोमेकॉत नेत्रविभाग आहे; रांगेत एक सकाळ जाईल, हे खरे. दुकानदारांनीही चिठ्ठीवरील तारीख पाहावी आणि ती दोन वर्षांपूर्वीची असल्यास गिऱ्हाइकास आधी डॉक्टरकडे धाडावे. चार दिवसांनी ते परत येईलच.