खंदक, दगा आणि तह
उत्तर कोलकात्यात बागबाजारच्या बाजूला ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा येतील या धास्तीने 1742 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालच्या या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याची ही खूण. माणसे युद्ध का करतात, हे आपण नेहमी दूरच्या महायुद्धांवरून तपासतो. इथे स्वारी करणारे आपलेच लोक होते, म्हणून हे उदाहरण आपण टाळू नये.

लढाई माणसाच्या रक्तातच आहे, हा पहिला गैरसमज. हिंसा जुनी आहे, हे खरेच. सुदानमधल्या जेबेल सहाबा इथल्या सुमारे 13 हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत शस्त्रांचे घाव असलेले सांगाडे सापडले आहेत. पण युद्ध आपल्या जनुकांतच ठरलेले असते, या म्हणण्याला विज्ञानाचा आधार नाही, असे 1986 मध्ये सेव्हिल इथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितले. बंगालमध्ये तर कारण जमाखर्चाचे होते. रघूजी भोसल्यांना चौथाई हवी होती आणि नवाब अलीवर्दी खान ती देत नव्हता.

हे हिंदू-मुसलमान युद्ध होते, असेही अनेकांना वाटते. पण 1743 मध्ये खुद्द नानासाहेब पेशवे अलीवर्दीच्या मदतीला बंगालात उतरले आणि त्यांनी रघूजींच्या फौजेला मागे रेटले. शाहू महाराजांना दोघांत मुलूख वाटून द्यावे लागले, तेव्हा कुठे घरातला तंटा मिटला. मराठ्यांना वाट दाखवणारा मीर हबीब मुसलमान होता. सेनापती भास्करराम कोल्हटकरांनी कटव्याकडे दुर्गापूजा मांडली, आणि त्यांच्याच स्वारांनी लुटलेल्या गावांत दुर्गेची पूजा करणारेही होते. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्या गावकऱ्यांचे हाल नोंदलेले आहेत. ते वाचताना मला आपल्या पराक्रमाचा अभिमान वाटत नाही, लाज वाटते.

म्होरक्या मारला की युद्ध संपते, हा समज सर्वांत महाग पडला. 31 मार्च 1744 रोजी अलीवर्दीने बोलणी करायची म्हणून भास्कररामांना मनकरा इथे तंबूत बोलावले आणि सरदारांसह त्यांची कत्तल केली. तळावर मागे राहिलेले रघूजी गायकवाड फौज घेऊन निसटले. पुढच्याच वर्षी रघूजी भोसले स्वतः सूड घ्यायला आले. आता नवाबाच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? युद्ध आणखी सात वर्षे चालले.

आणि खंदक? तो पुरा झालाच नाही, मराठे कोलकात्यावर चालूनही आले नाहीत. उलट कंपनी तटबंदी वाढवते आहे, ही पुढे सिराजउद्दौलाची एक तक्रार ठरली. 1756 मध्ये त्याने शहर घेतले, तेव्हा खंदकाचा उपयोग झाला नाही. आपण संरक्षणासाठी जे उभारतो, ते पलीकडच्याला हल्ल्याची तयारी वाटू शकते. आजच्या शस्त्रस्पर्धेचेही हेच दुखणे आहे.

स्वाऱ्या थांबल्या त्या 1751 च्या तहाने. वर्षाला 12 लाख रुपये चौथाई, ओडिशाच्या वसुलातून भोसल्यांच्या फौजेचा खर्च, आणि सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही. दोघांपैकी कोणाचेही हृदयपरिवर्तन झाले नव्हते. दोघेही थकले होते, आणि लढाईतून मिळेल त्याहून जास्त त्यांना तहातून मिळत होते. त्यानंतर 200 वर्षांनी, 1951 मध्ये, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने आणखी चार देशांसह कोळसा आणि पोलाद सामाईक देखरेखीखाली आणले. त्यामागेही युद्ध परवडणार नाही अशी व्यवस्था बांधण्याचाच विचार होता.

मात्र 1751 च्या बोलण्यांत रयतेला कोणी विचारले नाही. चौथाई भागवण्यासाठी अलीवर्दीने जमीनदारांवर ‘चौथ मराठा’ नावाची जादा पट्टी बसवली. गावे जळाली ती ज्यांची, ओझे शेवटी त्यांच्याच पाठीवर गेले.