निर्यातक्षम पाणबुडी आणि माझगावचा अनुभव
निर्यातीसाठी रचलेली पाणबुडी रचनाकार देशाच्या नौदलात असतेच असे नाही. फ्रान्सच्या स्वतःच्या पाणबुड्या अणुशक्तीवर चालतात. डिझेल-विद्युत 'स्कॉर्पीन' मात्र चिली, मलेशिया, भारत व ब्राझील यांनी घेतली. अशा रचनेत खरेदीदाराच्या गोदीतील बांधणीही अभिप्रेत असते. खरी कसोटी पाण्याचा प्रचंड दाब पेलणाऱ्या पोलादी कवचाच्या वेल्डिंगची. जासईहून बंदरापलीकडे असलेल्या माझगाव गोदीने ही विद्या पूर्वीच आत्मसात केली होती. जर्मन रचनेच्या 'शाल्की' (१९९२) व 'शंकुल' (१९९४) तेथेच बांधल्या गेल्या. पुढे मागणीच नसल्याने तरबेज कारागीर पांगले. या हानीची नोंद कोणत्याही करारपत्रात होत नसते. परिणामी २००५ च्या स्कॉर्पीन करारानंतर बरेचसे कौशल्य नव्याने उभारावे लागले. पहिली 'कलवरी' २०१७ मध्ये, तर सहावी 'वागशीर' २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली.