एकोणीस नगांचा हिशेब

अभियांत्रिकीची पदवी हाती पडल्यापासून कारखान्यात स्वतंत्र जबाबदारी मिळेपर्यंतचा काळ हा शिक्षणाचाच भाग असला, तरी त्याची आखणी महाविद्यालय करत नाही आणि कारखानाही पुष्कळदा ती अर्धवट सोडतो. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन यांच्या प्रकल्पांभोवती वाढलेल्या पुणे जिल्ह्यातील चाकण पट्ट्यात नव्या पदवीधरांना ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’, बोलण्यात ‘जीईटी’, या नावाने घेतले जाते, आणि प्रशिक्षण, मूल्यमापन व त्यानंतर कायम नेमणूक असा साधारण क्रम असतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तेथील एका मध्यम आकाराच्या कारखान्याकडे लक्ष वेधले गेले ते त्याने पहिल्या ९० दिवसांसाठी केलेल्या तक्त्यामुळे. त्यात आठवडा, विषय, जबाबदार अधिकारी आणि अपेक्षित फलित असे चार रकाने होते आणि सुरक्षा, गुणवत्ता, देखभाल, नियोजन अशा प्रत्येक विषयापुढे कोणा ना कोणा अधिकाऱ्याचे पद लिहिलेले होते. मात्र ज्याच्या यंत्राशेजारी प्रशिक्षणार्थींचे सर्वाधिक तास जाणार होते, त्या ऑपरेटरचा उल्लेख एकाही रकान्यात नव्हता.

तक्ता निष्काळजीपणे केलेला होता असे मात्र म्हणता येणार नाही. ओळखपत्र, बँक खाते, सुरक्षा बूट आणि आग विझवण्याचे प्रात्यक्षिक पहिल्या दोन दिवसांत उरकले जाई. त्यानंतर प्रशिक्षण अधिकारी पगारपत्रकावर एक तास देत, आणि तो तास या आखणीतील सर्वांत उपयुक्त तासांपैकी होता. कारण भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्यावर होणारी १२ टक्के कपात, नोकरी बदलली तरी कायम राहणारा त्या निधीचा ‘यूएएन’ क्रमांक, आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये अशी फोड मांडल्यावर वार्षिक पॅकेजचा आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांतील फरक नव्या मुलामुलींना प्रथमच कळे, आणि खोलीचे भाडे किती परवडेल याचा विचार त्या आधारावर करता येई. पुढचे टप्पेही नेमके होते: ३० दिवसांत एका भागाचा कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंतचा प्रवास स्वतः काढून दाखवणे, ६० दिवसांत पहिल्या नगाची मंजुरी, म्हणजे शिफ्ट सुरू होताना तयार झालेला पहिला नग मापून उत्पादनाला हिरवा कंदील देण्याचे काम, शिकून घेणे, आणि ९० दिवसांत लहानशी का होईना एक सुधारणा सुचवणे.

या आखणीची खरी परीक्षा यंत्रशाळेत होते. तेथे शिरताच कूलंटचा, म्हणजे कापणी चालू असताना हत्यार व धातू थंड ठेवणाऱ्या तेलमिश्रित पाण्याचा, आंबूस वास येतो आणि तो कपड्यांत घरापर्यंत टिकतो. एका सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकीय आज्ञावलीनुसार चालणाऱ्या लेथवर, आयटीआयचा टर्नर अभ्यासक्रम पूर्ण करून याच कामात केस पांढरे झालेले एक ऑपरेटर होते, आणि लातूरकडून आलेली एक प्रशिक्षणार्थी त्यांच्याकडे शिकत होती. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजचे माप एकूण २० मायक्रॉनांच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या, मर्यादेत बसवायचे होते. तिने यंत्रातून नुकताच निघालेला नग मायक्रोमीटरने मापला, तो मर्यादेपेक्षा मोठा भरला, आणि हत्याराची जागा बदलणारा ‘ऑफसेट’ कमी करण्यासाठी तिने पॅनेलकडे हात नेला, तेव्हा ऑपरेटरने तिला थांबवले. “मॅडम, हाताला कोमट लागतोय तोवर त्याचं माप खरं धरायचं नाही,” एवढेच बोलून त्यांनी नग पुसून सरफेस प्लेटवर ठेवला. काही मिनिटांनी तोच नग पुन्हा मापला, तर तो मर्यादेत होता.

तापवलेला धातू प्रसरण पावतो हे त्या मुलीने शाळेपासून वाचलेले होते आणि त्याचे सूत्रही तिला पाठ होते. पोलादाची लांबी दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉनांनी वाढते. म्हणून १०० मिलिमीटरचा नग खोलीपेक्षा १५ अंशांनी उबदार असला, तर त्याचा व्यास सुमारे १७ मायक्रॉनांनी जास्त दिसतो, म्हणजे जवळजवळ सगळी मर्यादा त्या उबेतच संपते. गरम नगाच्या मापावरून ऑफसेट बदलला असता, तर पुढचे नग थंड झाल्यावर लहान भरले असते, आणि लहान झालेला व्यास पुन्हा मोठा करता येत नसल्यामुळे ते भंगारात गेले असते. सूत्र आणि हाताला जाणवणारी ऊब यांची सांगड घालणे हेच पहिल्या महिन्यांचे खरे काम आहे, आणि ते त्या दिवशी ज्याने केले त्याचे पद तक्त्यात नव्हते.

या शिकवण्याला किंमत होती आणि ती कोणाच्या माथी पडते हे ऑपरेटरला पक्के ठाऊक होते. त्या लेथचा सायकल टाइम, म्हणजे एक नग तयार व्हायला लागणारा वेळ, ९६ सेकंदांचा होता. “यंत्र थांबवून अर्धा तास दाखवलं की एकोणीस नग जातात, आणि ते माझ्या नावावर मांडतात,” असे त्यांनी कोणतीही तक्रार न करता सांगितले. परिणामी समजावून सांगणे चहाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट बदलताना उरकले जाई, आणि आपल्यामुळे काकांचे उत्पादन घटते हे लक्षात आल्यावर त्या मुलीचे प्रश्नही दिवसेंदिवस कमी होत गेले. मूल्यमापन करणाऱ्या वरिष्ठाला हे मौन समज आल्याचे लक्षण वाटण्याची शक्यता मोठी असते, आणि तसे वाटले तर आखणी फसल्याचे कोणाला कळतही नाही.

ग्राहकाची गाडी दाराशी उभी असते आणि ठरलेला माल वेळेवर जावाच लागतो, ही उत्पादन विभागाची बाजू खरी आहे. परंतु हिशेब मांडायचाच, तर तो पुरता मांडला पाहिजे: अर्ध्या तासाच्या शिकवणीत १९ नग कमी होतात, तर चुकीच्या ऑफसेटवर तासभर यंत्र चालले की ३७ नग भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर कच्चा मालही जातो. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने, ज्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही आले, शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता शिकणारा मानले आहे आणि विहित अर्हतेच्या व्यक्तीकडे प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवण्याचे बंधन मालकावर घातले आहे. कंपनीने थेट घेतलेल्या जीईटीला तो कायदा लागू होतोच असे नाही. तरी शिकणाऱ्याबरोबर शिकवणाराही नेमलेला असावा हे त्यामागील तत्त्व त्यालाही तितकेच लागू पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आखलेल्या आणि पुढे जपानी कारखान्यांनी आपल्याशा केलेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमानेही शिकणाऱ्याची तयारी, प्रात्यक्षिक, त्याच्याकडून करवून घेणे आणि पाठपुरावा असे चार टप्पे घालून दिले, आणि ते पार पाडण्यासाठी यंत्रशाळेतल्याच अनुभवी माणसांना शिकवण्याचे शिक्षण दिले.

म्हणून नव्या पदवीधरांच्या पहिल्या महिन्यांची आखणी करताना तक्त्यात पाचवा रकाना असणे आवश्यक आहे. त्यात शिकवणाऱ्या ऑपरेटरचे नाव असावे, शिकवण्याची वेळ ठरलेली असावी, आणि त्या दिवशीचे त्याचे उद्दिष्ट १९ नगांनी कमी करून ती घट प्रशिक्षणाच्या खर्चात धरलेली असावी. प्रशिक्षणार्थीच्या मूल्यमापनातही त्या ऑपरेटरचे मत लेखी घेतले जावे. नोकरीवर रुजू होणाऱ्या पदवीधरांनीही आपली वही उघडताना ‘काय शिकायचे’ याच्या आधी ‘कोणाकडून आणि त्याच्या कोणत्या वेळात’ हे लिहावे, आणि महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनी मुलाखतीच्या तयारीइतकाच वेळ या प्रश्नासाठी राखून ठेवावा. चाकणमधील त्या कारखान्याला असा बदल करण्यासाठी नवे यंत्र, नवी इमारत किंवा बाहेरचा सल्लागार यांपैकी कशाचीही गरज नाही. दिवसाला १९ नगांची घट स्वतःच्या नावावर मांडून घेण्याची तयारी व्यवस्थापनाने दाखवली, तर तेवढ्याने तेथे शिकवणाऱ्याला सन्मान आणि शिकणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळू शकतो.