मुक्या रोग्यांचा दवाखाना

वैद्यापुढें बसलेला मनुष्य आपलें दुखणें आपल्या तोंडानें सांगतो. बैलाला किंवा मांजराला तें सांगतां येत नाहीं. म्हणून पशुवैद्याची गांठ नेहमीं दोघांशीं असते: एक मुका रोगी, आणि दुसरा त्याचा धनी. पहिल्याची व्यथा हातानें व डोळ्यानें ओळखावयाची. दुसऱ्याची ऐपत, भीति आणि हट्ट कानानें समजून घ्यावयाचा. हें दुहेरी काम एकट्यादुकट्याच्या धंद्यांतून सार्वजनिक संस्थेच्या हातीं कसें आलें, तें पाहण्यासारखें आहे.

माणिकपूरच्या रहिवाशांस या विषयाचा आरंभ शोधण्यासाठीं दूर जावयास नको. त्याच वसई तालुक्यांतील सोपाऱ्यास सम्राट् अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सांपडले. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा, आणि १९५६ सालीं नवव्या लेखाचा. चौदा लेखांच्या ज्या मालिकेंतले हे दोन, तिच्यांतील दुसरा लेख गिरनार वगैरे ठिकाणीं वाचावयास मिळतो. मनुष्यांसाठीं एक आणि पशूंसाठीं एक, अशी दोन प्रकारची चिकित्सा राजानें सर्वत्र सुरू केली, आणि औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें आणवून लावविल्या, असें त्यांत म्हटलें आहे. शालिहोत्राचें अश्ववैद्यक व पालकाप्याचें गजवैद्यक हीं या परंपरेचीं शास्त्रीय अंगें होत. पण घोडा आणि हत्ती हीं राजाचीं वाहनें. वसईच्या केळीच्या वाडींत रहाट ओढणाऱ्या बैलाची दाद घेणारें शास्त्र पुष्कळ उशिरां आलें.

त्याची पहिली पायरी मुंबईस एका दंगलीनें पडली. १८३२ सालीं सरकारी हुकुमानें बेवारशी कुत्रीं मारलीं जाऊं लागलीं, तेव्हां पारशी समाज खवळून उठला. दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई आदि व्यापाऱ्यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळीनें जीव वांचविला, चारा दिला, आसरा दिला. परंतु दया म्हणजे उपचार नव्हे. मोडलेल्या पायाला आसऱ्याखेरीज फळ्याहि बांधाव्या लागतात, आणि त्या बांधणारा हात शिकलेला असावा लागतो.

ही उणीव पुढें भरून निघाली. जनावरांवरील क्रूरपणास आळा घालणारी मंडळी मुंबईंत १८७४ सालीं निघाली. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगींतून, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नांवें, १८८३ सालीं परळ येथें पशुरुग्णालय उभें राहूं लागलें; आणि १८८६ सालीं त्याच आवारांत सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. फ्रान्समधील लियों शहरीं अशी पहिली शाळा निघाली ती १७६१ सालीं. म्हणजे मुंबईस सव्वाशें वर्षांनीं तिची पाठराखीण मिळाली. या योजनेचें मर्म तिच्या जोडणींत आहे. देणगीनें दवाखाना चालावा, दवाखान्यांत विद्यार्थ्यानें शिकावें, आणि शिकलेला विद्यार्थी जिल्ह्याजिल्ह्यांत जावा. दान एकदां खर्च झालें कीं संपतें. विद्येंत घातलेलें दान पिढ्यान्‌पिढ्या चालतें.

या विद्येची खरी कसोटी बुळकांड्या रोगानें पाहिली. ताप, तोंडांत फोड, मग हगवण, आणि थोड्याच दिवसांत गोठा ओस. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती कुमाऊंमधील मुक्तेश्वरास गेली; या रोगावरील लशीचें पुष्कळ काम तेथें झालें. या शत्रूचें एक मर्मस्थान होतें: जें जनावर एकदां त्यांतून वांचलें, किंवा ज्यास चांगली लस टोंचली, त्यास तो रोग सहसा पुन्हां होत नसे. पण लस असून भागत नाहीं. एका धन्यानें भीतीपोटीं आजारी गुरूं लपविलें, तर साऱ्या गांवाचे गोठे धोक्यांत येत. देशव्यापी मोहीम १९५४ सालीं सुरू झाली, भारतांतील शेवटची सांथ १९९५ सालीं आली, आणि २०११ सालीं हा रोग जगांतूनच नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. सुईइतकेंच हें गांवकऱ्यांच्या विश्वासाचें यश होय.

म्हणूनच या धंद्याचीं कांहीं व्रतें ठरून गेलीं आहेत. धन्याची थैली पाहून रोग्याची परीक्षा करूं नये. उपचार कसा व कां, हें घरच्या माणसांस समजेल अशा भाषेंत सांगावें. जेथें आशा नाहीं तेथें खोटी आशा दाखवूं नये. या शेवटच्या व्रतापाशीं पांजरपोळ आणि दवाखाना यांचे मार्ग वेगळे होतात. जीव कधींच घेऊं नये, असें पहिली म्हणते. असाध्य यातनेंतून शांतपणें सोडविणें हीहि दयाच, असें दुसरा म्हणतो. दोहोंच्या मुळाशीं करुणाच आहे, आणि निर्णयाचा भार धन्यावर एकट्यावर न टाकतां त्यासह वाहणें हें वैद्याचें काम आहे.

वैद्यानें रोग्याच्या दारीं जावें, हेंहि त्यांतलेंच एक व्रत. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या ‘बाएफ’ संस्थेनें संकरित पैदाशीची सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली, ती याच विचारानें.

माणिकपूरचें रूप आतां पालटलें आहे. नवघर-माणिकपूरची नगरपालिका २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिकेंत मिळाली; वाड्यांच्या जागीं इमारती आल्या, आणि दवाखान्याच्या दारीं बैलाऐवजीं कुत्रीं-मांजरें आलीं. १८३२ सालचा प्रश्न मात्र गल्लींत तसाच उभा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचीं लक्षणें एकदां माणसांत दिसलीं कीं मृत्यु बहुधा अटळ. पण वस्तींतील शंभरांपैकीं सुमारें सत्तर कुत्र्यांना लस टोंचली, तर रोगाची सांखळी तुटते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसटोंचणी करण्याचे नियम २००१ सालीं झाले, आणि त्यांची जागा २०२३ च्या नियमांनीं घेतली. जेथें हें काम नीट चालतें, तेथें कुत्र्यास दिलेली लस शाळेंतून घरीं येणाऱ्या मुलाचें रक्षण करते. तरीहि चावा झालाच, तर जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि विलंब न करितां माणसांच्या दवाखान्याची वाट धरावी. दोन प्रकारची चिकित्सा, असें अशोकानें लिहविलें. परंतु तिचें फळ एकाच घरांत उतरतें.